रंभाच्या नावाचा ओ

डोंगर उतरायच्या दिवशी रंभाने चुलीवर शेवटचा चहा ठेवला आणि डब्यात उरलेली साखर सगळीच्या सगळी त्यात ओतली.

"रंभे, हा चहा हाय का पाक?" चिमणने एक घोट घेऊन विचारलं.

"मुकाट पी. पुढल्या साली बिनसाखरेचा देईन."

'पुढल्या साली' ऐकून शितलने मान वर केली. ती झोपडीच्या दाराशी दगडावर बसून आईची गोधडी दोरीने बांधत होती. पुढलं साल आता नाही, हे मायलेकींचं दिवाळीतच ठरलं होतं. शितल तलासरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. भाड्याची खोली होती, मागच्या दाराला चार हात अंगण होतं. रंभाचे गुडघे गेले होते, चढावर तिला धाप लागायची. या साली शेवटचं गवत आणि मग कायमचं तलासरीला, असं रंभाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. डोंगरावरच्या माणसांना मात्र तिने त्यातलं अवाक्षर सांगितलेलं दिसत नव्हतं.

दोन हजार सतरा सालच्या डिसेंबरातला तो एक रविवार. सायवनच्या पुढे मोरखड्याचा डोंगर लागतो. भात झोडून झालं की जवळच्या पाड्यांवरची आणि लांबलांबची माणसं तिथे गवत कापायला चढायची. दीड-दोन महिने वरच राहायचं, कुडाच्या झोपड्या घालून. सकाळी दव असेतो कापायचं, ऊन चढलं की पेंढ्या बांधायच्या, उतरत्या उन्हात भारे वाहून खाली ट्रकच्या रस्त्यापर्यंत आणायचे. रंभा पहिल्यांदा चढली ती लग्नाआधी. तेव्हा वर चाळीस विळे असायचे. आता अकरा उरले होते.

त्या अकरांत एक तानी. तानी चिखल्याची, समुद्राकाठची. वर्षभर चिकूच्या वाड्यांत राबायची आणि दिवाळी झाली की डोंगर गाठायची. तीस हंगाम दोघींनी एका झोपडीत काढले, एका ताटात जेवल्या, पण एकमेकींचं घर कधी पाहिलं नाही. शितलला लहानपणी याचं फार नवल वाटायचं. एकदा तिने विचारलंही होतं. रंभा म्हणाली, "डोंगराची माणसं डोंगरावर. खाली भेटलो तर बोलायचं काय?"

भेटण्याऐवजी त्या विळे बदलायच्या. निघायच्या दिवशी तानीने आपला विळा रंभाला द्यायचा, रंभाने आपला तानीला. रंभा डावरी होती. तिच्या विळ्याची धार उलट्या अंगाने घासलेली, तानीला त्याने काडी कापता यायची नाही. तानीचा विळाही रंभाला तसाच बिनकामाचा. दोन्ही विळे वर्षभर दोन घरांच्या आढ्यांना टांगून राहायचे. आपला विळा परत हवा असेल तर डोंगर चढायला हवा, एवढाच त्याचा अर्थ.

"धर गो," तानी म्हणाली. "गंज नको चढवू."

"आणि माझा?"

"तुझा उलट्या हाताचा. विंचू मारायला ठेवीन."

रंभा हसली. तानीचा विळा तिने झोपडीच्या खांबात खुपसला आणि गोधडी डोक्यावर घ्यायला वाकली. आता सांगेल, शितलला वाटलं. पुढल्या साली मी येत नाही, हे आता सांगेल. पण रंभाने डोक्यावरचं ओझं सारखं केलं आणि "चला गो," म्हणत पायवाट धरली.

निरोप खरा व्हायचा तो खाली. पायथ्याशी कांडोळाचं एक जुनं झाड आहे. पांढरंफटक खोड, आणि पानं झडली की फांद्या उघड्या हातांसारख्या दिसतात. तिथे सगळ्यांनी थांबायचं. लडक्या सगळ्यांत म्हातारा. तो डोंगराकडे तोंड करून एकेकाचं नाव पुकारायचा आणि ज्याचं नाव त्याने "ओ, उतरलो" म्हणायचं. दोन महिने माणसं या उतारावरून त्या उताराला हाका मारतात, डोंगर त्या ऐकतो, त्याला सगळ्यांची नावं पाठ होतात. जाताना आपलं नाव आपल्या तोंडाने मागून घ्यायचं. नाही घेतलं तर माणूस खाली जातो आणि नाव वर राहतं. तीन हाकांत ओ आला नाही तर ते माणूस येईतो सगळ्यांनी झाडाखाली बसून राहायचं, मग अंधार पडला तरी चालेल. आणि वर असताना, त्यातून भर दुपारी, एकाच हाकेला ओ द्यायचा नाही. माणूस असेल तो तीनदा हाक मारील.

शितलने अशा रीतींवर पुष्कळ वाचलं होतं. कुठकुठल्या देशांतल्या डोंगरांवर असंच काही करतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिला ही रीत आवडायची, पुस्तकात खूण घालून ठेवावी तशी.

अर्धी वाट उतरल्यावर रंभा थबकली. "अगो! तानीचा विळा खांबातच राहिला."

"राहू दे आता, आये."

"राहू दे कसा? तिचा विळा हाय."

"साडेचारची जीप शेवटची आहे. ती गेली तर तलासरीला जायला काही नाही. माझं उद्या काम आहे."

"तू हो पुढं. मी आलेच."

तिने गोधडी लेकीच्या डोक्यावर दिली आणि गुडघ्यावर हात रोवत ती परत वर चढू लागली. शितलने घड्याळात पाहिलं. लहानपणापासून ती आईला एकच गोष्ट सांगत आली होती: लवकर चल. शाळेला उशीर होईल, बस जाईल, दवाखाना बंद होईल. रंभा कधी उलटून बोलली नाही आणि कधी लवकर चाललीही नाही.

कांडोळाखाली ट्रक भरून उभा होता. इंजिन सुरू. ड्रायव्हर खिडकीतून "चालो, चालो काका" करत होता. लडक्याला त्याच ट्रकने जायचं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणसं त्याला सावल्यांसारखी दिसायची. त्याने डोंगराकडे तोंड केलं.

"चिमण!"

"ओ, उतरलो! पण अर्धाच. अर्धा बायजीच्या मागं वर राहिला."

"तुझा अर्धा घेऊन मी काय लोणचं घालू?" बायजी म्हणाली, आणि सगळे खिदळले.

"बायजी!"

"ओ, उतरले."

"तानी!"

"ओ, उतरले!" ओ देऊन तानी ट्रकवर चढली, गवताच्या भाऱ्यांवर.

"रंभा!"

डोंगरावर वारा होता. कापलेल्या उतारांवर काही हलत नव्हतं.

"रंभा!"

शितल सगळ्यांच्या मागे, झाडाच्या खोडाआड उभी होती. तिसरी हाक रिकामी गेली तर सगळे खाली बसतील, हे तिला ठाऊक होतं. तिच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ओ, उतरले," ती म्हणाली.

तिचा आवाज आईचाच होता. फोनवर माणसं फसायची. कोणी मागे वळून पाहिलं नाही. लडक्याने पुढचं नाव घेतलं.

ट्रक निघाला. भाऱ्यांवर बसलेली तानी गर्दीत कोणाला तरी शोधत होती. तिने हात वर केला, धरून ठेवला, मग धुळीत ती दिसेनाशी झाली.

रंभा पंधरा मिनिटांनी उतरली, हातात तानीचा विळा. झाडाखाली चाकांच्या खुणा होत्या आणि थोडं सांडलेलं गवत.

"गेली का गो सगळी?"

"गेली. चल."

"माझं नाव?"

"झालं."

"झालं कसं? मी तर वर होते."

"झालं म्हटलं ना, आये. चल, जीप जाईल."

रंभाने लेकीकडे पाहिलं. मग वळून डोंगराकडे पाहिलं.

जीप मिळाली.

तलासरीच्या खोलीत रंभा नऊ दिवस राहिली. पहिल्या दिवशी तिने तानीचा विळा मागच्या दाराच्या वर खिळ्याला टांगला. मग त्या दाराच्या पायरीवर, डोंगरांच्या दिशेला तोंड करून ती बसायला लागली. शितल कामावरून यायची तेव्हाही ती तिथेच असायची. स्वयंपाक केलेला असायचा, पण चव अशी की करणाऱ्याने चाखलाच नसावा. मधूनच ती "ओ" म्हणायची.

"कोणाला ओ दिलास?"

"हाक आली."

"कोणाची?"

रंभा आठवायचा प्रयत्न करायची. "एकदाच आली," म्हणायची, आणि आपण ओ द्यायला नको होता हे तिलाच मग सुचायचं. तिचा चेहरा ओशाळा व्हायचा.

शितलने तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या, पुढल्या आठवड्यात डहाणूला नेऊन फोटो काढू म्हणाले. आठव्या दिवशी रंभाने लेकीचा हात आपल्या दंडावर ठेवला. "बघ," म्हणाली, "मी इथं हाय का?" दंड थंड होता. शितल म्हणाली, "असं काय बोलतेस?" आणि शाल आणायला उठली.

नवव्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा मागचं दार उघडं होतं. रंभा चौकटीला टेकून बसलेली, डोळे उघडे. शितलने तिला आत घेतलं, तेव्हा लुगड्याच्या काठाला गवताची कुसळं लागलेली होती. ओली, नुकती लागलेली. ते लुगडं तलासरीला आल्यावर शितलने स्वतः दोनदा धुतलं होतं.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्यात अविश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. शितलने त्यावर विश्वास ठेवला. कुसळांबद्दल ती कोणाशी बोलली नाही. आणि कांडोळाखालच्या त्या दोन शब्दांबद्दल तर नाहीच. ते दोन शब्द तिच्या जिभेखाली वर्षभर राहिले, औषधाची गोळी विरघळता विरघळू नये तसे.

पुढच्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडे अशी कधी हलली नव्हती. आधी पोटातून गुरगुर यायची, मग भांडी वाजायची, मग सगळं गप्प. लोक अंगणात झोपू लागले. ग्रंथालयातल्या मांडण्यांवरची पुस्तकं दर धक्क्याला बोटभर पुढे यायची. शितल सकाळी गेली की हाताने ती एकेक मागे ढकलायची. हे काम तिला बरं वाटायचं.

डिसेंबरात एका दुपारी चिमणच्या नंबरवरून फोन आला. पलीकडून तानी ओरडून बोलत होती, फोन म्हणजे लांबची हाक असल्यासारखी.

"शितल बाय? तानी बोलते. माझा विळा तुझ्याकडं हाय ना? घेऊन ये. रविवारी आम्ही उतरतो."

"मावशी, आये गेली. तुला कळलं ना?"

"कळलं गो. म्हणूनच ये. पेंढ्या बघून जा."

रविवारी शितल सकाळीच डोंगर चढली. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा. वर सातच माणसं उरली होती. धक्क्यांना भिऊन तिघं आधीच उतरली होती आणि गवतवाल्याने पुढल्या साली इथलं गवत घेत नाही म्हणून सांगितलं होतं. लडक्या झोपडीबाहेर बसून होता. त्याला दोघांनी धरून वर आणलं होतं. "एवढी एक हाळी घालायची म्हणून आलो, बाय," तो म्हणाला. "यापुढं कोण चढतंय आणि कोण पुकारतंय."

तानी जरा वाळली होती. तिने विळा घेतला, उलटसुलट पाहिला, बोटाने गंज खरवडला. रडली नाही. "ये," म्हणाली.

झोपडीमागे पेंढ्यांची एक ओळ ठेवली होती. गवत कापून झालं की मूठभर काड्यांचा पीळ घालून त्यानेच पेंढी बांधतात. या पेंढ्यांचा पीळ उलटा होता. डाव्या हाताचा.

"रोज दुपारी एक," तानी म्हणाली. "जेवून आलो की पडलेली असते. आम्ही गाडीत नाय घातल्या. विकायच्या कशा?"

"कोणीतरी चेष्टा करत असेल."

"कोण? चिमण?"

चिमण जवळच उभा होता. वर्षापूर्वी प्रत्येक वाक्याला फोडणी देणारा चिमण आता आपल्या पायांकडे पाहत होता. "मला उजव्या हाताने धड बांधता येत नाय," एवढंच तो म्हणाला.

तानीने झोपडीत जाऊन खांबावरचा विळा काढून आणला. रंभाचा. वर्षभर तो चिखल्याला आढ्याला टांगलेला होता, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. धार चकचकीत होती आणि तिला कुसळं चिकटलेली होती.

शितल म्हणाली, "मी जरा फिरून येते."

डोंगराच्या उत्तरेच्या कडेला एक पट्टी या साली कोणी कापली नव्हती. तिथे गवत छातीइतकं उभं होतं, वाळून पिवळं झालेलं. शितल त्यात शिरली. वारा नव्हता, तरी गवत आपापसांत काहीतरी बोलत होतं. पट्टीच्या मधोमध एक मोकळी जागा लागली, अंगणाएवढी. कोणीतरी गवत खालून साफ कापलेलं. उजव्या हाताने कापलं की खुंट एका बाजूला तिरके होतात. हे दुसऱ्या बाजूला होते. शितल वाकून एका खुंटाला हात लावणार, एवढ्यात जमीन गुरगुरली. पायाखालून काहीतरी सरकत गेलं, खालच्या झाडांतले पक्षी उडाले, मग सगळं थांबलं. आणि त्या थांबण्यात, अगदी जवळून, पाठीमागून, कोणी म्हणालं:

"शिते."

तिच्या घशापर्यंत ओ आला होता. तो तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून आत ठेवला. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. तिसरीची पाहिली. ऊन डोक्यावर होतं, सावली कुठे नव्हती. हाक पुन्हा आली नाही.

ती तिथेच खुंटांवर बसली. भीती होती, पण भीतीच्या मागे आणखी काही होतं आणि त्याचीच तिला लाज वाटली. तिला आनंद झाला होता. आई इथे होती. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती, पण इथे होती. कोणाला काही सांगायची गरज नाही. दर दिवाळीनंतर वर यायचं, या पट्टीत बसायचं. एक पेंढी असेल. एक हाक असेल. ओ दिला नाही की झालं. असं किती वर्षं चालेल, याचा हिशेब तिचं मन आपसूक करायला लागलं.

ती परत आली तेव्हा झोपड्या सोडवून झाल्या होत्या. तानी त्या ओळीपाशी बसली होती. तिने बाजूची जागा थोपटली.

"बरं वाटलं ना गो तुला?" ती म्हणाली. "मलापण वाटलं. पहिल्या दिवशी पेंढी दिसली तेव्हा. म्हटलं, आली. पण बघ." तिने ओळीतली पहिली पेंढी उचलून दाखवली. भरघोस, आवळून बांधलेली. मग मधली. मग शेवटची. शेवटची मनगटाएवढी होती. पीळ अर्धाच बसलेला, काड्या सुटून बाहेर आलेल्या. "ही कालची. दमली ती. गुडघे नव्हते ना राहिले तिचे. आपण उतरायचं हे तिला कोणी सांगितलंच नाय, मग ती काय करील? कापतच राहील."

शितलने ती बारकी पेंढी हातात घेतली. तिला वजनच नव्हतं.

"लडक्याला म्हटलं, या साली तिचं नाव पुकार. ऐकत नाय. तू सांगून बघ."

चार वाजता सगळे कांडोळाखाली जमले. ट्रक उभा होता, जीपही रस्त्याच्या वळणावर येऊन थांबली होती. शितलने विचारलं तेव्हा लडक्याने मान हलवली.

"नाय, बाय. गेल्या साली ती उतरली. तिचा ओ मी या कानांनी ऐकला. डोळे गेले, कान नाय गेले. उतरलेल्या माणसाला परत हाक घातली तर ते परत वर जातं. मेलेलं माणूस असेल तर मग विचारूच नको."

"मग पेंढ्या कोण बांधतं?" तानी म्हणाली.

"डोंगर नकला करतो. ती नाय ती." तो डोंगराकडे वळला. "चिमण!"

"ओ, उतरलो." कोणी हसलं नाही.

"बायजी!"

"ओ, उतरले."

नावं सातच होती. शितल झाडाच्या त्याच बाजूला उभी होती, खोडाआड. पांढऱ्या सालीवर तिचा हात होता. तानीने ओ दिला, आणखी तिघांनी दिला. लडक्याने शेवटी आपलं नाव आपणच घेतलं, आपणच ओ दिला आणि काठी उचलली. झालं. यापुढे इथे कोणी पुकारणार नव्हतं.

"थांबा, लडक्याबाबा," शितल म्हणाली.

ती खोडाआडून पुढे आली.

"तो ओ माझा होता."

लडक्याची काठी तशीच राहिली.

"आये वर होती. मावशीचा विळा राहिला होता, तो आणायला गेली होती. तुम्ही दोनदा पुकारलंत. तिसऱ्यांदा तुम्ही सगळे बसला असता आणि माझी जीप गेली असती. म्हणून तिच्या नावाचा ओ मी दिला. ती उतरली तेव्हा तुम्ही गेला होता. तिने मला विचारलं. मी झालं म्हणाले."

बायजीने पदर तोंडाला लावला. चिमण दुसरीकडे पाहायला लागला. तानी शितलकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग होता की नाही, ते शितलला कळलं नाही.

"मी हात केला होता तिला," तानी शेवटी म्हणाली. "ट्रकवरनं. म्हटलं, असेल इथंच कुठं."

लडक्या हळूहळू वळला. आपले पांढुरके डोळे त्याने शितलच्या आवाजावर लावले. "घाई होती?"

"हो."

त्याने मान हलवली, जणू एवढ्याचीच त्याला खात्री करायची होती. "मग तूच घाल हाळी. ती हाक आता माझ्या तोंडची नाय. तीनदा घालायची. तोंड डोंगराकडं."

रस्त्यावरून जीपवाल्याने हॉर्न दिला.

आईचं नाव शितलने आयुष्यात कधी हाक म्हणून घेतलं नव्हतं. फक्त ओ दिला होता, एकदा. ती झाडाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"रंभा!"

हाक उतारावरून वर गेली आणि कशाला तरी अडून परत आली, तिच्याच आवाजात. म्हणजे आईच्या.

"रंभा!"

जमिनीच्या पोटात बारीक गुरगुर झाली. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून काहीतरी बोलू लागला, पण चिमणने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

"रंभा!"

ओ आला नाही. तानीने शितलच्या दंडाला धरलं आणि हनुवटीने वर दाखवलं.

त्या न कापलेल्या पट्टीत, वरच्या टोकाला, गवत हललं. वारा नव्हता. एका माणसाएवढी फट पडली, मिटली, मग जरा खाली पडली. थांबली. गुडघ्यावर हात ठेवून माणूस श्वास घेतं तेवढा वेळ थांबली. मग आणखी दोन पावलं खाली. फार सावकाश. पट्टी संपल्यावर पुढे सगळा उतार उघडा होता, आणि तिथून कांडोळापर्यंत चांगल्या चालणाऱ्यालाही अर्धा तास लागायचा.

जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, लांब. मग गाडी गिअरमध्ये पडल्याचा आवाज झाला आणि ती वळणावरून निघून गेली. शितलने तिकडे पाहिलं नाही. लडक्या आधीच झाडाखाली बसला होता. त्याच्या शेजारी बायजी बसली, मग चिमण. तानीने आपला विळा मांडीवर घेतला.

गवतातली फट पुन्हा थांबली होती.

"आये," शितल म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली. "जीप गेली तर जाऊ दे. मी थांबलेय. सावकाश ये."